नाताळला स्टेशनबाहेर बिर्याणी वाटायची म्हणता, मग २६ तारखेचं काय?

सलाम. प्रश्न असा आलाय की सदर भागातल्या एका मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, तरुण संघाला २४ डिसेंबरच्या रात्री नागपूर स्टेशनजवळ आणि सीताबर्डीत पुलाखाली झोपणाऱ्यांना बिर्याणी आणि ब्लँकेट वाटायचेत, पैसे जमलेत, पण कमिटीतले वडीलधारे म्हणतात ते सगळे बेवडे आहेत आणि "काम न करणाऱ्याने खाऊ नये" असं बायबलात पौलानेच लिहिलंय. शिवाय कोणी व्हिडिओ काढून धर्मांतराचा आरोप केला तर काय, ही भीती वेगळीच. तर सुरुवात कुठून करायची.

मी सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेली स्टाफ नर्स. आमच्या मंडळीचं रात्रीचं जेवण आणि मलमपट्टीचं काम बरीच वर्षं बघते, त्यामुळे नर्ससारखंच बोलणार, प्रवचनासाठी पाळकसाहेब आहेतच.

पहिलं म्हणजे २४ ची रात्र सोडा. त्या आठवड्यात स्टेशनच्या आजूबाजूला अन्न कमी नसतं, उलट उतू जातं. तुमच्यासारखे दहा ग्रुप येतात, थर्टी फर्स्टला आणखी येतात, आणि सकाळी त्याच फूटपाथवर अर्धवट उघडलेले डबे कुत्रे चाटत असतात. तसंच आठवड्याचंही असतं बरं का, मंगळवार-शनिवार मारुतीच्या देवळाबाहेर काहीतरी मिळतं, गुरुवारी साईमंदिराकडे, शुक्रवारी ताजबागेच्या दर्ग्याकडे, मधले वार कोरडे जातात. आमच्या भागात सोमवार आणि बुधवार रिकामे निघाले म्हणून आम्ही ते धरले. तुमच्या भागात कोणते ते तुम्हाला जाऊन विचारावं लागेल, काहीही न वाटता नुसतं एक-दोन आठवडे फिरा, चहा प्या त्यांच्यासोबत, आणि विचारा की बाबा उपाशी कोणत्या दिवशी झोपता. ते बरोबर सांगतात.

आता बायबलचं. शोमरोनी माणसाची, लुटारूंनी अर्धमेलं करून वाटेत टाकलेल्याला उचलणाऱ्याची गोष्ट (लूक १०) तुम्ही संडे स्कूलमध्ये नाटक करून केली असेल, सगळ्यांनीच केलीय, आणि नाटक नेहमी कुठे संपतं तर जखमी माणसाला गाढवावर बसवलं की टाळ्या. पण लूकने गोष्ट तिथे संपवलेली नाही. तो शोमरोनी रात्रभर उतारशाळेत थांबला, दुसऱ्या दिवशी दोन दिनार काढून मालकाला दिले आणि म्हणाला याची काळजी घे, जास्त खर्च झाला तर परत येईन तेव्हा देईन. दिनार म्हणजे त्या काळची एक दिवसाची मजुरी, मत्तयाच्या विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्याच्या मजुरांना तोच दर आहे. म्हणजे आज ठिय्यावरच्या मजुराच्या हिशेबाने हजार-बाराशे रुपये आणि वर उधारीची हमी. तेल-द्राक्षारस ओतून पट्टी बांधणं हे पहिल्या दिवसाचं काम, ते करायला सगळे तयार असतात कारण ते एका रात्रीत आटोपतं. दुसऱ्या दिवशी कोणाच्या हवाली करायचं, पैसे कोण देणार, परत कोण येणार, हे सगळं कंटाळवाणं काम आहे आणि माझ्या मते तुमच्या तरुण संघाची गरज तिथेच आहे. जमलेल्या पैशाचे दोन भाग करा, अर्ध्याहून जास्त "दुसऱ्या दिवसासाठी" बाजूला काढा, रिक्षाभाडं, औषधं, एक्सरे, गावाला जायचं तिकीट, यात पैसा जातो. बिर्याणीत जेवढा जातो त्याहून जास्त जातो.

वडीलधाऱ्यांचं पौलाचं वचन, थेस्सलनीकाकरांस दुसरं पत्र ३:१०. ते तुम्ही त्यांच्याच समोर पूर्ण वाचा, पुढच्या तीन ओळींसकट. पौल तिथे मंडळीतल्याच लोकांबद्दल बोलतोय, जे कामधंदा सोडून दुसऱ्यांच्या घरात लुडबुड करत फिरत होते, आणि "ज्याला काम करायची इच्छा नाही" असं म्हणतोय, ज्याला काम मिळत नाही किंवा ज्याचा पाय सडलाय त्याच्याबद्दल नाही. आणि लगेच १३ व्या ओळीत म्हणतो चांगलं करताना थकू नका. हे वचन फूटपाथवरच्या माणसाला लावणारे स्वतःच्या घरातल्या रिकामटेकड्या भाच्याला कधी लावत नाहीत, असं मी आमच्या कमिटीत म्हटलं होतं, थोडी शांतता झाली होती.

आणि बेवडे म्हणाल तर आहेत ना, कोण नाही म्हणतं. पण तिथे झोपणारे सगळे एका प्रकारचे नाहीत, हे समजून घेतल्याशिवाय काम जमत नाही. केटरिंगची पोरं असतात, लग्नसराईत रात्री दोनपर्यंत भांडी उचलतात आणि रूम भाड्याने घेणं परवडत नाही म्हणून बाहेर झोपतात. आषाढात लग्नं बंद झाली की तुळशीच्या लग्नापर्यंत त्यांचे हाल, म्हणजे त्यांची खरी उपासमार पावसाळ्यात असते, डिसेंबरमध्ये ती पोरं कमावती असतात. कचरा वेचणारे असतात, ते पहाटे चारला उठतात, त्यांना रात्री अकराला जेवायला उठवणं म्हणजे जुलूम आहे. घरातून काढलेले म्हातारे असतात, ते कधीच सांगत नाहीत की मुलाने काढलं, "मुलगा येणार आहे न्यायला" असंच सांगतात. आणि मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्याच्या बाहेर तर वेगळीच दुनिया, गडचिरोली, गोंदिया, बालाघाट, छिंदवाडा, पार छत्तीसगडपर्यंतचे पेशंट येतात, पेशंट वॉर्डात आणि नातेवाईक झाडाखाली. हे लोक बेघर नाहीत, घरी सातबारा आहे, पण हातातले पैसे सीटी स्कॅनला गेले आणि आता दोन दिवसांपासून मुरमुऱ्यावर आहेत, रांगेत उभं राहायची लाज वाटते. अशांना डबा देऊ नका, जवळ शिवभोजन केंद्र चालू असेल तर बघून ठेवा, दहा रुपयांची थाळी, दोन पोळ्या, भाजी, वरण, भात. स्वतःच्या पैशाने घेतलेलं त्यांना घशाखाली उतरतं, आणि तेवढेही नसतील तर गुपचूप हातात ठेवा.

दारूबद्दल एक नर्सची सूचना. जेवण देताना "आजपासून सोडली तर देऊ" असली अट घालू नका. रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली तर दोन-तीन दिवसांत हातपाय थरथरतात, भास होतात, फिट येते, माणूस दगावू शकतो. सोडायची असेल तर दवाखान्यात, डॉक्टरच्या देखरेखीखाली. पिऊन आलेला माणूस रांगेत भांडत असेल तर त्याला बाजूला बसवा, शेवटी द्या, पण द्या.

आता जेवण. बिर्याणी काहून नको ते सांगते. संत्रा मार्केटच्या बाजूच्या गेटजवळ एक बाबा बसायचे, आमची पोरं पोळी-भाजीचं पाकीट द्यायची, ते घ्यायचे आणि शेजारच्याला देऊन टाकायचे, स्वतः खायचेच नाहीत. एक पोरगा चिडला, म्हणाला मॅडम याला माज आहे, याला हॉटेलचं पाहिजे. मी खाली बसले त्यांच्याजवळ आणि म्हटलं बाबा तोंड उघडा. उघडेचना. जेमतेम एक बोट जाईल एवढी फट, आत गाल पांढरे, कडक, चामड्यासारखे. खर्रा, सुपारी-तंबाखू घोटलेला. आपल्या नागपुरात भूक मारायला खर्ऱ्याएवढं स्वस्त काही नाही, दिवसभर तोंडात ठेवला की भूक कळत नाही, आणि काही वर्षांनी तोंड बंद होत जातं, तिखटाचा कण लागला तरी आग होते. पोळी त्यांना चावताच येत नव्हती आणि तर्रीवाली भाजी म्हणजे निखारा. पुढच्या वेळी पातळ वरणात भात घोटून, मीठ बेताचं, तिखट अजिबात नाही, चमच्यासकट नेला. पूर्ण खाल्ला, आणि मग पहिल्यांदा बोलले. काय बोलले तर म्हणे हळद कमी आहे. डेंटल कॉलेजला नेलं नंतर, त्यातही दोन खेपा वाया गेल्या कारण ते ऐनवेळी पळून गेले, तिसऱ्या वेळी बसले रिक्षात.

तर मेन्यू असा ठेवा की दात नसलेला, तोंड न उघडणारा आणि शुगरवाला असे तिघंही खातील. मऊ खिचडी, घोटलेला वरण-भात, उकडलेलं अंडं, केळ. गोड बुंदी-जिलेबी सणाला सगळेच देतात, तुम्ही नका देऊ. लग्नाच्या लॉनमधलं उरलेलं अन्न फोन करून देतात लोक, भावना चांगली असते पण उन्हाळ्यात रात्री साडेबाराला मिळालेला भात सात वाजल्यापासून उघडा असतो, पनीर आणि दह्याचं तर हातच लावू नका. फूटपाथवर जुलाब लागले तर संडास कुठे आहे सांगा.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा. कधीकधी असा माणूस सापडतो ज्याच्या पोटात पाच-सहा दिवस काहीच नाही, नुसता पडून आहे, हाडं दिसतात. आपल्याला वाटतं याला भरपेट वाढावं. नाही. इतके दिवस उपाशी शरीराला एकदम भरपूर अन्न मिळालं की रक्तातले क्षार झपाट्याने खाली येतात, हृदयाचे ठोके बिघडतात, माणूस जेवल्यानंतर मरू शकतो. शुद्धीवर असेल तर थोडं थोडं पाणी, दोन-चार चमचे पेज, आणि १०८ ला फोन. शुद्ध नसेल तर तोंडात पाण्याचा थेंबही नको, कुशीवर वळवा आणि गाडी येईपर्यंत तिथेच बसा. जखमेत किडे दिसले तर काडीने काढत बसू नका, स्वच्छ कापड सैल बांधून कॅज्युअल्टीला न्या, आणि कोणीतरी एक जण सोबत आत जा. सोबत माणूस असला की केस पेपर पटकन होतो, एकट्या माणसाला बाकड्यावर बसवून ठेवतात आणि तो तासाभरात उठून निघून जातो. हे मी आतून पाहिलंय, कोणाला नावं ठेवत नाही, रात्रीच्या ड्युटीला माणसंच कमी असतात.

वाटप कोण करणार? बायबलात प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात हाच तमाशा झालाय. यरुशलेमच्या मंडळीत रोजच्या वाढपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांना डावललं जातं अशी तक्रार आली, तेव्हा सात जण नेमले, आणि सातही नावं ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची तक्रार होती त्यांच्याच हातात पळी दिली असावी. आम्ही तेच केलं, रांग कशी लावायची, कोण आजारी आहे, कोण नवीन आलंय, कोणी दोनदा घेतलं, हे बघायला फूटपाथवरच्याच एका मावशी आहेत आणि त्यांच्यापुढे कोणाची हिंमत नाही. तुमच्या संघातल्या पोरांनी भात वाढावा, हिशेब मावशींकडे असावा.

सगळ्यात अवघड काम म्हणजे मनोरुग्ण. नागपूर हे जंक्शन, दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-हावडा दोन्ही लाइनी इथे एकमेकींना छेदतात, त्यामुळे देशाच्या कुठल्याही कोपऱ्यातून गाडीत बसलेला हरवलेला माणूस इथे उतरतो किंवा उतरवला जातो. केस जटा झालेले, अंगावर चार शर्ट, स्वतःशी बोलणं. लोक म्हणतात वेडी बाई बडबडते. अहो ती बडबड तेलुगू असते! किंवा ओडिया, किंवा बंगाली. आपल्या नागपूरच्या मंडळ्यांची ताकद इथे आहे, तेलुगू, तमिळ, मल्याळी बोलणारी कुटुंबं आहेत, रेल्वेच्या नोकरीमुळे कित्येक पिढ्यांपासून आहेत, त्यांच्यातल्या एखाद्या आँटीचा फोन नंबर तुमच्याकडे असला पाहिजे. आम्ही एका बाईंना फोन स्पीकरवर लावून दिला, पलीकडून आमच्या आँटी तेलुगूत नुसतं "जेवलीस का गं" एवढंच विचारत होत्या, अर्ध्या तासाने त्या बाईंनी गावाचं नाव सांगितलं आणि शाळेतल्या मास्तरांचं. भाऊ येऊन घेऊन गेला. सगळे खूश. चार-पाच महिन्यांनी त्याच बाई पुन्हा प्लॅटफॉर्मवर, कारण गावी औषधं बंद झाली होती. दुसऱ्या दिवसाचं काम म्हणते ते हेच. आता आम्ही घरी पाठवताना त्या जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात मानसोपचाराची ओपीडी कोणत्या वारी असते ते आधी काढतो, चिठ्ठी घरच्यांच्या भाषेत लिहून देतो आणि महिन्याला फोन करतो.

कायदाही माहीत असू द्या. मेंटल हेल्थकेअर अ‍ॅक्ट २०१७, कलम १००. स्वतःची काळजी घेऊ न शकणारी मनोरुग्ण व्यक्ती रस्त्यावर भटकताना दिसली तर तिला संरक्षणात घेणं ही पोलिसांची ड्युटी आहे, चोवीस तासांच्या आत सरकारी दवाखान्यात न्यायचं, लॉकअपमध्ये ठेवायचं नाही, आणि बेघर असेल तर मिसिंगची नोंद करून घरच्यांचा शोध घ्यायचा. ठाण्यात हात जोडून बोला पण कलमाचा नंबर पाठ असू द्या, फरक पडतो. राज्यात जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार, ठाणे, येरवडा, रत्नागिरी आणि आपलं नागपूर, म्हणजे आपल्याला दूर जायचंही नाही. मूल दिसलं तर १०९८, म्हातारं माणूस असेल तर एल्डरलाइन १४५६७, मनाच्या आजाराबद्दल फोनवर सल्ला हवा असेल तर टेलीमानस १४४१६.

महापालिकेचे बेघर निवारे आहेत, फुकट आहेत, तिथे गादी, पंखा, बाथरूम असतं, मग लोक जात काहून नाहीत असं सगळे विचारतात. कारण विचारलं तर साधं निघतं. वेचलेल्या भंगाराचं पोतं आत नेऊ देत नाहीत आणि बाहेर ठेवलं तर चोरीला जातं, ती त्याची दोन दिवसांची कमाई आहे. नवरा-बायकोला वेगळं झोपावं लागतं. सोबतचं कुत्रं बाहेर राहतं. किंवा एकदा "गाडी" आली होती आणि उचलून नेलं होतं याची धास्ती, भीक प्रतिबंधक कायदा १९५९ चा आहे आणि महाराष्ट्रात अजून आहे, चारचाकी थांबली की काही जण उठून पळतात ते त्यामुळेच. म्हणून तुम्ही बोलेरोने जाऊ नका, पायी जा. आणि एखादा निवाऱ्यात जायला तयार झालाच तर पहिल्या रात्री सोबत जा, तिथल्या केअरटेकरशी ओळख करा, त्याला चहा पाजा. उतारशाळेचा मालक म्हणजे तुमच्यासाठी हाच माणूस आहे, याच्याशी संबंध बिघडले की काम संपलं.

बायका झोपलेल्या असतील तर पुरुषांनी उठवायचं नाही, कितीही चांगल्या मनाने असो. त्या रात्री जाग्याच असतात, पोलीस चौकीच्या उजेडात बसून असतात आणि दिवसा झोपतात. त्यांच्याकडे महिला मंडळाने दुपारी जावं, सॅनिटरी पॅड आणि आतले कपडे घेऊन, कारण दान म्हणून लोक जरीच्या साड्या देतात, आतलं कोणी देत नाही.

आता आरोपाची भीती. उपाय एकच आहे, अन्नासोबत अन्नच द्या. पत्रिका नको, बॅनर नको, मंडळीचं नाव छापलेला टीशर्ट नको, प्रार्थना समोरच्याने मागितली तरच, आणि तीसुद्धा जेवण झाल्यावर. हे घाबरून सांगत नाहीये. येशूने दहा कुष्ठरोगी बरे केले, आभार मानायला एकच आला, बाकी नऊ जणांचा रोग त्याने परत लावला नाही. मत्तय २५ मध्ये ज्यांनी भुकेल्याला खायला दिलं आणि परक्याला घरात घेतलं, त्यांना स्वतःलाच माहीत नव्हतं की ते प्रभूला देत होते, "आम्ही तुला केव्हा पाहिलं?" असं विचारतात बिचारे. समोरच्याचा धर्म मोजून देणारा तिथे बसतच नाही. दुष्काळात भाकरीसाठी बाटले हा टोमणा आपल्या आजी-पणजीपासून ऐकत आलोय, १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई आपल्या या मध्य प्रांतातून शेकडो मुली-विधवांना वाचवून केडगावला घेऊन गेल्या तेव्हा त्यांनाही ऐकावं लागलंच. टोमणा मारणारे मारतील. कोणी येऊन विचारलं तर सांगा, या आमच्यासोबत वाढायला. आमच्याकडे बुधवारी कांदे चिरायला येणाऱ्यांत बौद्ध आहेत, मारवाडी आहेत, एक रिटायर्ड हवालदार आहेत जे दर वेळी गाडगेबाबांची दशसूत्री म्हणून दाखवतात, भुकेलेल्यांना अन्न, तहानलेल्यांना पाणी, उघड्यानागड्यांना वस्त्र, बेघरांना आसरा, आणि मी म्हणते काका हे तर आमच्या मत्तयात आहे, ते म्हणतात मग भांडण कायचं.

फोटो बिलकुल नको. व्हिडिओ काढायचाच असेल तर भांडी घासतानाचा काढा. त्या झोपलेल्या माणसाचा फोटो गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेला की मेडिकलबाहेरच्या त्या सातबारावाल्या शेतकऱ्याची अब्रू गेली.

राहिले ब्लँकेट. घेऊन ठेवलेच असतील तर परत करू नका, पण २४ ला वाटू नका, तेव्हा एकेकाकडे चार-चार जमतात आणि तीन विकले जातात. आपल्याकडे खरा कडाका बऱ्याचदा जानेवारीत येतो, पारा दहाच्या खाली जातो, अवकाळी पाऊस आला की सगळं अंथरूण भिजतं, तेव्हा कोरडं ब्लँकेट हातात पडलं तर किंमत आहे. अर्धे त्यासाठी ठेवा, आणि उरलेल्या पैशात आताच ताडपत्री घ्या, जूनमध्ये महाग होते. थंडीपेक्षा नागपुरात माणसं उन्हाने जास्त मरतात असं माझं ड्युटीवरचं मत आहे, मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर डांबरावर अनवाणी चालून तळपायाला फोड आलेले शुगरवाले पेशंट मी ड्रेसिंग केलेत. त्यामुळे मार्चच्या शेवटी परत अर्पण गोळा करा, चपला आठ, नऊ आणि दहा नंबरच्या जास्त घ्या, बायकांच्या पाच-सहा, डोक्याला बांधायला सुती दुपट्टे, आणि ओआरएसची पाकिटं. पाकीट देताना लिटरभराची भरलेली बाटली पण द्या, नाहीतर ते कोरडंच चाटतात.

२६ डिसेंबरला किती जण येऊ शकतात ते आज संघात विचारून घ्या. चार जण निघाले तरी चालेल, चार जणांपुरतंच काम सुरू करा.